टाय कसोटीचा फोटो आणि पाठीमागचे शिक्के

मी वर्तमानपत्रांसाठी काढलेल्या खेळांच्या जुन्या फोटोंच्या छापील प्रती जमवतो. बॅट टेकवून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या खेळाडूंचे फोटो आता घ्यायचे नाहीत, चालू सामन्यातले शोधायचे, असं मी मागे ठरवलं होतं. यादीत सर्वांत वर होती ब्रिस्बेनची कसोटी. १४ डिसेंबर १९६०, ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडीज, कसोटी इतिहासातली पहिली टाय. जो सॉलोमनची फेक थेट यष्ट्यांवर बसली, इयान मेकिफ धावबाद झाला आणि छायाचित्रकार रॉन लव्हिटने तो क्षण पकडला.

हा फोटो मिळतो सहज, खरी अडचण तीच आहे. तो पुढे इतक्या वेळा छापला गेला की विकायला येणाऱ्या बहुतेक प्रती कितीतरी नंतरच्या असतात. मला त्याच दिवसांतली प्रत हवी होती. बऱ्याच शोधानंतर ती मिळाली, आणि ती वायरफोटो, म्हणजे तारेने पाठवलेला फोटो आहे.

आपल्या छंदात प्रतींचे चार प्रकार मानतात. पहिला म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेली प्रिंट. दुसरा मूळ निगेटिव्हवरूनच, पण उशिरा केलेली. तिसऱ्यात नक्कल-निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेली, पण त्याच काळातली प्रत येते, आणि चौथ्यात तशीच पण नंतरची. लिलावात पहिल्या प्रकाराचं वजन सगळ्यांत जास्त, आणि स्पष्टपणात त्याला तोड नाही हे मलाही मान्य आहे. तरी बातमीच्या फोटोसाठी मला तिसरा प्रकार मनापासून आवडतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने १९३५च्या १ जानेवारीला वायरफोटो सेवा सुरू केली, तेव्हापासून दूरच्या वाचकाने खेळ पाहिला तो असाच. फोटो फिरत्या नळकांड्यावर चढवायचा, प्रकाशाने ओळ-ओळ वाचायचा, टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा उतरवून घ्यायचा. भिंगाखाली त्या बारीक समांतर रेघा दिसल्या की मला ती प्रत बातमीच्या वेगाने धावलेली वाटते. कॅप्शनही वेगळी चिकटवलेली नसते, चित्राबरोबरच तारेतून आलेली असते.

आता तपासणीबद्दल. मी आधी प्रत उलटी करून पाठच बघतो. वृत्तसंस्थेचा शिक्का, वर्तमानपत्राच्या संग्रहाचा तारखेचा शिक्का, कधी छापून आल्यावर चिकटवलेलं कात्रण. या खुणा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी झालेल्या असतात, म्हणून शाईचा रंग आणि जुनेपणा थोडाफार वेगळा असायलाच हवा. सगळं एकाच शाईत, एकसारखं ताजं दिसलं तर मी पुढे जात नाही. नुसत्या शिक्क्यावरच्या तारखेवरही विसंबू नये, कारण जुना फोटो पुन्हा छापताना नवा शिक्का पडतो.

यूव्ही टॉर्चबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. कागद उजळ दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी, या टॉर्चच्या अतिनील प्रकाशात झळकणारी चमकद्रव्यं १९५०च्या दशकापासून रुळली. म्हणजे १९३६च्या म्हणवल्या जाणाऱ्या प्रिंटचा कागद निळसर झळकला तर विषय संपला. पण १९६०च्या प्रतीत चमक असो वा नसो, त्यावरून काहीच ठरत नाही. तिथे मी कागद हाताळून बघतो. प्लॅस्टिकचा थर असलेला आरसी कागद साधारण १९७०च्या आसपास प्रचारात आला, त्यामुळे १९६०ची प्रत साध्या फायबर कागदावरच हवी. माझी आहे. कडेला गडद भागांवर रुपेरी झाकही आली आहे, म्हणजे कागदातली चांदी वर येते आहे. ती पुसायची नसते.

चित्रावर छापताना फोटो कुठे कापायचा ते दाखवणाऱ्या, मेणाच्या पेन्सिलीने मारलेल्या रेघा आहेत. काही जण त्या काढून टाकतात. माझ्या मते हा फोटोवर अन्याय आहे, कारण कुठल्या तरी संपादकाने पानात किती जागा द्यायची हे त्या रेघांनीच ठरवलं होतं. प्रत आता पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आम्लमुक्त पुठ्ठ्याला टेकवून ठेवली आहे. पीव्हीसीची पाकिटं कधीच वापरू नका.

पुढचा शोध बर्लिन ऑलिम्पिकमधल्या हॉकीचा. पावसामुळे एक दिवस पुढे ढकललेला अंतिम सामना, १५ ऑगस्ट १९३६, भारत ८, जर्मनी १. त्या ऑलिम्पिकच्या सिगारेट-अल्बममधली, म्हणजे सिगारेटच्या खरेदीवर मिळणारी आणि अल्बममध्ये चिकटवायची चित्रं भरपूर फिरतात, ती नकोत. ध्यानचंद चेंडूवर असतानाची, वृत्तसंस्थेचा शिक्का असलेली त्या काळातली प्रिंट हवी आहे. कुणाकडे असेल तर आधी तिची पाठ दाखवा.