हुर्यो

आधीच कबूल करून टाकतो, १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर आयपीएलच्या मॅचला आपल्याच मुंबई इंडियन्सच्या कॅप्टनची, हार्दिक पंड्याची हुर्यो उडवणाऱ्यांत मी पण होतो. वय वर्षं त्रेचाळीस, ऑफिसात लोक मला सर म्हणतात, आणि मी खुर्चीवर उभा राहून तोंडाचा चंबू करून बूऽऽ करत होतो. शेजारी भाचा, वय चौदा, तो तर घरून तयारी करून आला होता.

बू हा शब्द आपला नाहीच खरं तर. आमच्या लहानपणी हुर्यो असायची. गल्लीत कुणी साधा कॅच सोडला की सगळी पोरं एकदम "हुर्योऽऽ" आणि तो बिचारा मान खाली घालून बॉल आणायला गटाराकडे. त्यात चिडवणं जास्त, राग कमी. वानखेडेवर त्या दिवशी जे होतं त्यात चिडवणं नव्हतं. टॉसला कॉमेंटेटर संजय मांजरेकरने हार्दिकचं नाव घेतलं आणि असा काही आवाज उठला की त्याला माइकवरून पब्लिकला "बिहेव" म्हणून सांगावं लागलं. आमच्या आसपास कुणी बिहेव वगैरे केलं नाही.

कारण सगळ्यांना माहितीये. डिसेंबर २०२३ मधे रोहित शर्माला बाजूला करून हार्दिकला कॅप्टन केलं, तोही गुजरात टायटन्सकडून परत आणून. पाच ट्रॉफ्या जिंकून दिलेला आपला बोरिवलीचा माणूस, आणि त्याला असं? आता हा निर्णय हार्दिकने घेतला होता का? मालकांनी घेतला. पण मालक काय बॅटिंगला येत नाहीत, हुर्यो उडवायला समोर माणूस लागतो.

गंमत पुढे आहे. रोहित पहिल्याच बॉलवर गेला. शून्य. राजस्थानच्या बोल्टने त्याच्यासकट तिघांना भोपळ्यावर पाठवलं. रोहित परत जाताना हुर्यो? छे, सगळे चिडीचूप, कुणी तरी हळूच "होतं रे" म्हणालं. आणि मग हार्दिक आला, परत बूऽऽ, आणि त्याने ३४ मारले. टीमच्या १२५ मधे सगळ्यात जास्त रन त्याचेच! म्हणजे त्या दिवशी त्यातल्या त्यात बरा खेळलेला माणूस आम्ही शिव्या घालायला निवडला. त्याने फोर मारली की भाच्याची फार पंचाईत व्हायची, टाळी वाजवायला हात वर जायचे आणि मधेच थांबायचे. नंतर फील्डिंगला रोहितनेच हाताने खूण केली, बास करा म्हणून. त्याचं मात्र थोडं तरी ऐकलं लोकांनी.

तेव्हापासून माझी थिअरी अशी आहे की हुर्यो खेळासाठी नसतेच, तिथे दुसरं कोण हवं होतं त्यासाठी असते. आम्ही बू कमी आणि "रोहित, रोहित" जास्त ओरडलो ते उगाच नाही. त्याच्या आठवडाभर आधी अहमदाबादला मॅच चालू असताना ग्राउंडवर कुत्रं शिरलं तर पब्लिक त्याला बघून "हार्दिक हार्दिक" ओरडलं, कारण तिथे उलटा राग, हा आम्हाला सोडून मुंबईला गेलाच का.

जुनंच आहे हे. १९८४-८५ ला ईडन गार्डन्सवर गावसकरवर फळं फेकली होती. आधीच्या दिल्ली टेस्टमधे कपिल देवने बेजबाबदार शॉट मारला म्हणून त्याला बसवलं होतं, आणि कलकत्त्यात "नो कपिल नो टेस्ट"चे फलक. कपिल हवा होता, तो नाही मिळाला, मग समोर जो कॅप्टन होता त्याला संत्री. गावसकर इतका दुखावला की १९८७ ला पाकिस्तानविरुद्धची तिथली टेस्ट खेळलाच नाही.

मी स्वतःही खाल्लीये हुर्यो. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत. नाव-गाव सोडा. सेटचं दार बाहेरून अडकलं, माझी एंट्री, मी आतून ढकलतोय, दार हलेना, स्टेजवरची हिरॉइन तिसऱ्यांदा "कोण आहे?" विचारतीये. मागच्या रांगेतून आवाज आला, "अगं खिडकीतून घे त्याला!" अख्खं थिएटर फुटलं. नंतर कळलं की मागच्या रांगेत आमच्या नंतरचं कॉलेज बसलेलं. म्हणजे परत तेच, त्यांना तिथे त्यांचंच नाटक हवं होतं. पण खरं सांगू, ती हुर्यो परवडली. पुढची वीस मिनिटं जो खोकला सुरू झाला ना हॉलमधे, एक थांबला की दुसरा, खुर्च्यांची करकर, वेफर्सची पिशवी, ते जास्त लागलं. हसणाऱ्यांचं लक्ष तरी आपल्याकडे असतं.

एका ठिकाणी मात्र माझी थिअरी पार झोपते. मार्च २००६, वानखेडेच, इंग्लंडविरुद्ध टेस्ट, सचिन एकवीस बॉल खेळून १ वर आउट आणि स्टँडमधल्या काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. सचिनची. वानखेडेवर. तिथे दुसरं कुणीच नको होतं कुणाला, तोच हवा होता, फक्त आठ-दहा वर्षांपूर्वीचा. आता याला बसवायचं तर थिअरीत बसेल, पण ओढूनताणून.

असो. २९ जूनला बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलमधे दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरला १६ हवे होते आणि बॉल हार्दिकच्या हातात होता, आपण जिंकलो ते सांगायला नको. ४ जुलैला टीमच्या मिरवणुकीला आम्ही दोघं परत, यावेळी मरीन ड्राइव्हवर, वरून पाऊस, पायाखाली कुणाच्या तरी सुटलेल्या चपला, वानखेडेपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. बस दिसली तसा भाचा माझ्या खांद्याला लोंबकळत "हार्दिऽऽक, हार्दिऽऽक" करून बोंबलायला लागला.

"काय रे, एप्रिलमधे काय ओरडत होतास?"

"मामा, तेव्हाचं वेगळं होतं," म्हणाला, "फोन वर धर ना, व्हिडिओ हलतोय."

मी फोन वर धरला.