ताईचं डिग्री सर्टिफिकेट तिच्या वतीने आणलं, त्याचा वृत्तांत (ऑथॉरिटी लेटरवर, म्हणजे "माझा कागद याच्याकडे द्या" अशा अधिकारपत्रावर जाणाऱ्यांसाठी)

ताई परदेशात असते, तिथे नोकरीसाठी तिला डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट आणि ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा अधिकृत उतारा) हवं होतं. अर्ज आणि फी तिने ऑनलाइन भरलेली, पण मूळ कागद पोस्टाने मागवायला तिचा जीव होईना, म्हणून "तूच जाऊन घेऊन ये रे" असं फर्मान निघालं. काम झालं एकदाचं. ज्यांना असंच दुसऱ्याच्या नावाने खिडकीवर उभं राहायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

निघायच्या आधी मी विद्यापीठाच्या ऑफिसला फोन लावला, आणि हे प्रत्येकाने कराच. त्यांचा स्वतःचा छापील नमुना आहे का, पत्राची मूळ प्रतच लागते की स्कॅनची प्रिंट चालते, नोटरी हवी का, आणि माझी सही ताईने साक्षांकित करून द्यायची का, एवढं विचारून घ्या. त्यांचा फॉर्म असला तर आपण घरी कितीही सुंदर पत्र लिहिलं तरी ते बाजूला ठेवतात. आमच्या बाबतीत साधं पत्र चालणार होतं पण सही शाईची हवी, म्हणजे ताईने तिकडून मूळ कागद कुरियर करणं आलं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो प्रिंट करून घेऊन आलेले दोघं-तिघं रांगेत माझ्या पुढेच होते, सगळ्यांना परत पाठवलं.

पत्रात काय लिहायचं तर फार काही नाही. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं पूर्ण नाव, ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं, दोघांच्या ओळखपत्रांचे नंबर, नातं, अर्जाचा किंवा पावतीचा नंबर, नेमका कोणता कागद घ्यायचाय ते, तारीख आणि सही. खाली माझ्या सहीचा नमुना आणि त्याखाली पुन्हा ताईची सही. "माझी सर्व कागदपत्रे द्यावीत" असलं मोघम लिहू नका. सर्टिफिकेट आणि ट्रान्सक्रिप्ट दोन्ही हवं असेल तर दोन्हीची नावं लिहा, नाहीतर लिहिलेलं एकच हातात पडतं आणि दुसऱ्यासाठी पुन्हा नवं पत्र. खाडाखोड झाली तर शेजारी सही करायची सोय असते म्हणे, पण मी म्हणतो सरळ नवा कागद घ्या.

आता खरी गंमत सहीची. खिडकीमागच्या माणसाला एकच गोष्ट पाहायची असते की ज्याचा कागद आहे त्यानेच याला पाठवलंय ना. आणि ते तो कशावरून ठरवणार, तर रेकॉर्डवरच्या सहीवरून. ताईची कॉलेजातली सही म्हणजे अख्खं नाव गोल अक्षरात, आणि आत्ताची सही म्हणजे एक रेघ नि दोन टिंबं. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं, पासपोर्टवर नवं नाव आणि विद्यापीठाच्या रेकॉर्डला जुनं. हे आम्हाला आधी सुचलं म्हणून बरं. तिने पत्रात दोन्ही नावं लिहिली, जुन्या वळणाची आणि आत्ताची अशा दोन्ही सह्या केल्या आणि नाव बदलल्याच्या पुराव्याची प्रत जोडली. मॅडमनी रजिस्टर उघडलं, सही बघितली, पत्र बघितलं, परत रजिस्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बहीण ना?" "हो मॅडम, मामेबहीण." "पासपोर्टवर आडनाव वेगळं कसं?" मी पुराव्याची प्रत पुढे सरकवली आणि विषय तिथेच संपला.

सोबत माझं मूळ ओळखपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स, आणि अर्जाची पावती. ताईच्या झेरॉक्सवर मी तिला आडवं लिहायला सांगितलं होतं की ही प्रत फक्त अमुक कागद घेण्यासाठी, अमुक तारखेला दिली. आपल्या ओळखपत्राची कोरी प्रत कुठल्या फायलीत पडून राहील आणि कुणाच्या हाती लागेल काही सांगता येत नाही. कोऱ्या कागदावर सही करून "बाकी तू भर" हा प्रकार तर सख्ख्या भावासोबतही नको.

कागद मिळाल्यावर रजिस्टरमध्ये सही करायची असते, तिथे आपली स्वतःची सही करायची आणि "च्या वतीने" लिहायचं. मूळ माणसाची सही गिरवायची नाही, ती बनावट सही होते.

खिडकी सोडायच्या आधी नावाचं स्पेलिंग, वर्ष, विषय, शिक्का सगळं वाचून घ्या, मागे रांग कितीही कुरकुरली तरी. चूक निघाली तर दुरुस्तीचा अर्ज करायला अधिकारपत्र पुरेलच असं नाही, पत्रात "घेण्यासाठी" लिहिलेलं असतं, "दुरुस्त करून घेण्यासाठी" नाही. आम्ही तेवढी एक ओळ आधीच घातली होती, लागली नाही. ट्रान्सक्रिप्ट मात्र बंद पाकिटात येतं, झाकणाच्या जोडावर सही-शिक्का असतो, ते वाचायच्या मोहाने उघडलंत तर समोरची संस्था घेत नाही. स्वतःला बघायला हवं असेल तर वेगळी प्रत मागा.

नुसता कागद घ्यायला बहुतेक ठिकाणी साधं पत्र चालतं. पण अर्ज करणं, सह्या करणं, पैशांचे व्यवहार अशी कामं असली की मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) मागतात, आणि तेही शक्यतो त्या एका कामापुरतंच द्या, सरसकट नको. ते परदेशात केलं तर तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपॉस्टिल घ्यायचं, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला, १९६१ च्या हेग करारातला, चौकोनी, बाजू किमान ९ सेंमी आणि आत १० क्रमांकांचे रकाने. दोन्ही देश त्या करारात असले तरच ते चालतं. आणि अपॉस्टिल फक्त सही-शिक्का खरा आहे एवढंच सांगतं, आतला मजकूर बरोबर आहे असं नाही. वकिलातीत केलेल्या कागदांना तो करार लागूच नाही, त्यामुळे तिथून केलं असेल तर ज्या ऑफिसात द्यायचंय तिथे चालेल का ते आधी विचारा.

आणखी एक, मला दिलेला अधिकार मी परस्पर मित्राला देऊ शकत नाही, तसं पत्रात लिहिलेलं असेल तरच देता येतो. ऐनवेळी आजारी पडायची शक्यता धरून ताईने दुसऱ्या एका नावाचंही पत्र करून ठेवलं होतं. काम झाल्यावर ते मी फाडून टाकलं आणि फाडलेल्याचा फोटो तिला पाठवला.