मीटरवर शून्य आलं आणि मी फसलो

गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता 'टक्' करायचा. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "बॅटरी गेली, बदलून टाका." बदलली. आठवड्याभरात पुन्हा टक्. आता संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर. म्हणाला, "मग अल्टरनेटर असेल." या 'असेल'ने डोकं फिरलं आणि मी मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर) घेऊन आलो.

पहिला भाग अर्ध्या तासात उरकला. रात्रभर चार्ज केलेली बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजली: १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. (चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, आकडा फुगलेला दिसतो.) स्टार्ट मारताना १०.४ पर्यंत उतरली, ९.६ च्या खाली गेली असती तर काळजी होती. इंजिन चालू असताना १४.२, हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.८. अल्टरनेटर ठणठणीत. म्हणजे गाडी बंद असताना कोणीतरी बॅटरी पीत होतं.

ते शोधायला मीटर अँपिअरवर लावून मध्ये जोडायचा: निगेटिव्ह केबल सोडवायची, मीटरची एक वायर केबलला, दुसरी बॅटरीच्या टोकाला. जोडला. ०.००. इतका सुंदर शून्य पाहून मी खूश झालो, केबल परत लावली आणि गाडीत काही दोष नाही असं घरात जाहीरही केलं. तिसऱ्या दिवशी टक्.

झालं होतं असं. आदल्या दिवशी लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली होती आणि मी तसाच व्होल्टेज बघायला बॅटरीला टेकलो. छोटी ठिणगी उडाली, मी दुर्लक्ष केलं. मीटरच्या आतला फ्यूज तेव्हाच गेला होता. व्होल्ट मोजायचा रस्ता वेगळा, त्यामुळे व्होल्ट बिनचूक दिसत राहिले. फ्यूज गेलेला मीटर मध्ये जोडला की गाडीला वीजच मिळत नाही, मग शून्य येणार नाही तर काय! दार उघडून आतला दिवा लागतोय का एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं. दोन दिवस त्यात गेले.

मीटरचा फ्यूज बदलून पुन्हा जोडला, तर अडीच अँपिअर! घाबरलो. पण गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, गाडी बंद केल्यावर झोपायला वेळ घेतात, कधी अर्धा तास, कधी जास्त. मी दर पाच मिनिटांनी दार उघडून फ्यूजबॉक्सकडे बघायचो आणि गाडी दर वेळी जागी व्हायची. शेवटी दार उघडंच ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने 'बंद' स्थितीत ढकललं आणि गप्प बसून राहिलो. (नंतर दार लावण्याआधी ते सोडवा, नाहीतर कुलूप आपटतं.) चाळीस मिनिटांनी आकडा ०.४४ वर थांबला. साधारण ०.०५ च्या आत हवा. ०.४४ म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास, छोट्या बॅटरीचं तिसऱ्या दिवशी काय उरणार?

मीटर जोडलेला असताना स्टार्ट मात्र चुकूनही मारू नका, फ्यूज पुन्हा जाईल. आणि चार्जर मोकळ्या हवेत लावा, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

एकेक फ्यूज उपसत गेलो. आतल्या दिव्यांचा काढला तसा आकडा ०.०३. पण दिवे तर सगळे बंद दिसत होते! मग फ्यूज परत लावला, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. व्हिडिओभर लख्ख उजेड. झाकणावरचं, स्विच दाबणारं छोटं रबर पडून गेलं होतं.

सध्या डिकीतला बल्ब काढून ठेवलाय. जुनी बॅटरी बदलीत देऊन टाकली, ती चांगली होती.