तुम्ही विचारलंत म्हणून: चुकिकामाताची माणसे का रडतात

चिलीहून परतल्यापासून नातेवाईक, वर्गमित्र आणि खाणकामातलेच सहकारी मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. अटाकामाच्या वाळवंटात, जिथे गवताची काडी उगवत नाही, तिथल्या कंपनीच्या क्वार्टरमधून निघून शहरात स्वतःच्या मालकीचे घर मिळाले, तर चुकिकामाता या तांब्याच्या खाणीच्या गावातल्या लोकांनी इतकी वर्षे रडत बसायचे कशासाठी? गाव त्यांचे कधी नव्हतेच, हेही तुम्ही वर जोडता. आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय टाळला. आता सविस्तर लिहितो.

तांबे संपले आणि गाव ओस पडले, असे तुमच्यापैकी बहुतेकांनी गृहीत धरले आहे. तसे झालेले नाही. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या गुगेनहाइम कुटुंबाच्या कंपनीने उत्पादन सुरू केले, १९२३ मध्ये खाण दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीकडे, अ‍ॅनाकोंडाकडे गेली, १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारने तिचे राष्ट्रीयीकरण केले, आणि मालक बदलत असतानाही खड्डा वाढतच राहिला. आज तो चार किलोमीटरहून लांब आणि जवळजवळ एक किलोमीटर खोल आहे. त्यातून निघणारा निरुपयोगी दगड टाकायला जागा हवी होती आणि सर्वांत जवळची जागा गावाची होती. शिवाय तिथल्या खनिजात आर्सेनिक आहे, तांबे वितळवण्याच्या भट्टीचा धूर वस्तीवर येई, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनेच हा परिसर प्रदूषणाची मर्यादा ओलांडलेला म्हणून जाहीर केला. अखेर सुमारे १५ किलोमीटरवरच्या कालामा शहरात सगळ्यांना हलवायचे ठरले. १ सप्टेंबर २००७ रोजी निरोपाचा सोहळा झाला आणि पुढच्या वर्षी उरलेली कुटुंबेही निघाली. खाण मात्र चालूच आहे. २०१९ पासून तर ती जमिनीखालूनही चालते.

त्या गावाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. अमेरिकन साहेबांची ऐसपैस घरे एकीकडे आणि कामगारांच्या दाटीवाटीच्या चाळी दुसरीकडे, अशीच त्याची मांडणी होती. पाणी-विजेचे बिल येत नसे, दवाखाना, शाळा, थिएटर, दुकान सारे कंपनीचे होते, आणि म्हणूनच नोकरी संपली की घरही सुटत असे. चंद्रपूरकडे कोळसाखाणीच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ज्या अंगणात मुलीच्या लग्नाचा मांडव पडला, ते निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या नावावर जाते.

कालामात मी एका कंत्राटदाराकडे खाणीच्या नियोजनाचे काम करत होतो. शेजारी चुकिकामातात जन्मलेल्या एक वृद्ध बाई राहत. आम्ही त्यांना सेन्योरा, म्हणजे स्पॅनिशमध्ये 'बाई', म्हणत असू. १८ मे हा खाणीचा वर्धापनदिन, आणि त्या दिवशी जुने रहिवासी गावात परत जातात. एका वर्षी त्या मलाही घेऊन गेल्या. चौकात बँड वाजत होता, लोक आपापल्या बंद दारांसमोर उभे राहून फोटो काढत होते. सेन्योरा मात्र थेट चौकाच्या कडेला गेल्या आणि समोरच्या करड्या उताराकडे बोट दाखवून म्हणाल्या, की त्याच्या खाली रॉय ग्लोव्हर हॉस्पिटल आहे. १९६० मध्ये उघडलेले ते हॉस्पिटल दक्षिण अमेरिकेतल्या अत्याधुनिक हॉस्पिटलांत गणले जाई, आणि ते पाडून नव्हे, तर तसेच उभे असताना दगडाखाली गाडले गेले. त्यांची तिन्ही मुले तिथे जन्मली होती. त्यांतली धाकटी आठवडाभरच जगली, तीही तिथेच. मग त्यांनी मला विचारले, "तुम्ही इंजिनियर आहात. वर किती दगड असेल? आणि तो इथेच टाकायचा, हे कोण ठरवते?"

मी उत्तर दिले. एकेक डंपर तीनशे टनांच्या आसपास दगड वाहतो, त्याला चढावर न्यायचे तर डिझेल आणि टायर खर्ची पडतात, म्हणून खड्ड्याजवळची जागा आधी भरली जाते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "थोडे लांब टाकले असते तर?" खर्च वाढला असता, असे मी म्हणालो. ते खरेच होते. त्या काही बोलल्या नाहीत, आणि परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या नाहीत.

चिलीला गेलो तेव्हा मीही तुमच्यासारखेच म्हणत असे, की जे आपले नव्हते ते गेल्याचे दुःख कसले. त्या वेळच्या माझ्याशी माझा वाद अजून चालू आहे. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता आणि आजही तो आराखडा माझ्यापुढे आला तर आकडे तेच येतील. परंतु मालकी नव्हती, एवढ्यावरून नाते नव्हते असे ठरवणे मला आता जमत नाही. उलट, कागदावर काहीच नसल्यामुळे त्यांना दाखवण्यासारखा एकच पुरावा होता, ती जागा, आणि नेमकी तीच दगडाखाली गेली. कालामातल्या घराच्या खरेदीखतात त्यातले काहीही येत नाही.

निदान मुलांच्या तब्येतीसाठी तरी बरे झाले ना, असे तुम्ही पुढे विचाराल. त्यालाही मी सरळ हो म्हणू शकत नाही, कारण २००९ मध्ये धुळीमुळे कालामा शहरही तसेच प्रदूषित क्षेत्र जाहीर झाले. आणि त्यांनी जुन्या गावातच राहायला हवे होते, असेही मला म्हणता येत नाही, कारण त्या भट्टीच्या धुरात माझी मुले वाढवायला मी तयार झालो नसतो.