बेकरीच्या रांगेतली स्टेशनरी

अप्पा बळवंत चौकात दुकानांच्या पाट्या वाचत निघालं, की इंग्रजीतली ‘स्टेशनरी’ दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडते. शेवटी ई-आर-वाय असेल तर वह्या, पेनं, पाकिटं. ए-आर-वाय असेल तर एका जागी थांबलेलं काहीही. कानाला दोन्ही सारखेच आणि देवनागरीतही सारखेच, तेव्हा पाटी रंगवणाऱ्याला किती बोल लावणार? कॉम्प्युटरही लाल रेघ ओढत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबर.

यावर इंग्रजी तोडगा असा, की एन्व्हलपचा ‘ई’ आठवा. मराठी माणूस नेमका इथेच फसतो. त्याच्या कानाला एन्व्हलपच्या तोंडाशी ‘ए’ ऐकू येतो आणि तो ‘ए’ लिहून मोकळा होतो. त्यापेक्षा बेकरी बरी. बेकरी, ग्रोसरी ही धंद्याची नावं, शेवट ई-आर-वाय. वह्या-पेनांची स्टेशनरी त्याच रांगेतली. प्रायमरी, सेकंडरी ही विशेषणं, शेवट ए-आर-वाय. थांबलेली गाडी तिकडची. (लायब्ररी आणि डिक्शनरी नामं असूनही ‘ए’च्या पंगतीत बसतात. नियमात तेवढी खोट आहेच.)

गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच. मध्ययुगीन लॅटिनमधला ‘स्टेशनेरियस’ म्हणजे गाठोडं घेऊन दारोदार न हिंडता एका जागी दुकान मांडून बसलेला, बहुधा विद्यापीठाच्या आसपास पुस्तकं विकणारा. म्हणजे ‘ए’ची पाटी चुकीची खरी, पण अगदीच परकी नाही.

प्रिन्सिपललाही शेपूट धरूनच पकडावं. लोकल, नॅशनल यांच्यासारखा ए-एलवाला म्हणजे मुख्य: कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जाची मुद्दल, दोन्ही. एल-ईवाला म्हणजे तत्त्व, आणि तो कायम नामच.

काही जोड्यांत मात्र देवनागरी मदतीला येते. शब्द आधी मराठीत लिहून पाहावा. सैल तो ‘लूस’, त्यात दोन ओ. हरवणं ते ‘लूझ’, त्यात एकच. सल्ला म्हणजे ‘ॲडव्हाइस’, सी घालून. सल्ला देणं म्हणजे ‘ॲडव्हाइझ’, एस घालून. प्रॅक्टिसच्या नामात आणि क्रियापदात कान काही सांगत नाही, पण ब्रिटिश लिखाणात सी-एसची वाटणी हीच. अमेरिकेत दोन्हीकडे सी.

वाळवंट ते ‘डेझर्ट’, एक एस, जोर सुरुवातीवर. जेवणानंतरचं गोड ते ‘डिझर्ट’, दोन एस, जोर शेवटावर. हे दुसरं फ्रेंचमधून आलं. मूळ अर्थ ताटं-वाट्या उचलणं. टेबल आवरल्यावर येतं ते डिझर्ट. पुरीबरोबर पानात वाढलेलं श्रीखंड त्या हिशेबाने डिझर्ट नव्हेच.

आणि गिरणीवरची ‘फ्लोअर मिल’? फ्लोअर म्हणजे फरशी. पिठाचा इंग्रजी उच्चार फुलासारखाच, ‘फ्लावर’, कारण पीठ हे धान्याचं फूल, म्हणजे त्यातला उत्तम भाग. अठराव्या शतकापर्यंत दोघांचं स्पेलिंगही सर्रास एकच चालायचं. तरी गिरणीवाल्याने पाटी बदलू नये. ‘फ्लावर मिल’ वाचून लोक फ्लॉवरची भाजी दळायला आणतील.