पहिला शॉट वर जायचा, त्याचा चोर सापडला (बहुतेक)

मंडळी, मागच्या अपडेटला रडलो होतो ना, माझ्या १० मीटर एअर रायफलचे साइटर (मोजणीआधीचे सरावाचे शॉट) झाले, दहा मिनिटं थांबलो की पहिला शॉट हमखास वर आणि पुढचे सगळे गुमान दहात. आता नाशिक म्हणजे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांचं गाव, इथे शॉट गेला की माणूस आधी स्वतःच्या डोक्यालाच दोष देतो. तीन महिने श्वास, होल्ड, ट्रिगर सगळं उकरून झालं आणि निघाला काय तर रेग्युलेटर क्रीप, म्हणजे हवेचं प्रेशर एका आकड्यावर धरून ठेवणारा भागच झिरपतोय.

मित्राचा क्रोनो (छर्‍याचा, म्हणजे पेलेटचा, वेग मोजायचं यंत्र) उसना आणला तेव्हा कळलं. सलग मारले तर १७२, १७१, १७२. दहा मिनिटं ठेवली की पहिला १८०, रात्रभर ठेवली तर १८६! म्हटलं सेकंदाला ८ मीटरने असं काय होतंय, कागदावर मांडलं तर १० मीटरवर जवळजवळ १.४ मिमी वर. आपला दहाचा ठिपकाच अर्धा मिमीचा. म्हणजे १०.९ चा (पैकीच्या पैकी) सरळ १०.४, आणि मी बिचारा प्राणायाम करतोय.

सिलिंडर काढून, आत अडकलेली हवापण सोडून (नवीन लोकांनो, हे आधी) रेग्युलेटर उघडला. डेलरिनच्या सीटवर (हवा अडवणारी प्लास्टिकची चकती) पिस्टनच्या कडेचा गोल वण, त्यावर केसाएवढा ओरखडा आणि हिरवट कचरा. पावसाळाभर हातपंपाने दमट हवा भरली त्याचं फळ. तिथून हवा किंचित झिरपत राहते, ७० बारला थांबायचं प्रेशर चढतच जातं.

साफ केलं, ओरिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या, फरक शून्य. ओरिंगचं तर विचारूच नका, सातपूरच्या एका दुकानात ९० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप) मागितल्या, दिल्या ७०, वर म्हणे काळं ते काळंच साहेब. एक डबी पेलेट संपायच्या आत एक चेपून बाहेर आली. ग्रीस मात्र सिलिकॉनच वापरा, हाय प्रेशर हवेत साधं तेल म्हणजे स्फोटाला आमंत्रण.



तर नवीन सीट मागवणार होतो, दोन आठवडे बंदूक कपाटात. पण हे टाइप करताना सुचलं, सीट म्हणजे साधी चकतीच आहे, उलटी बसवली तर? मागची बाजू कोरी करकरीत आहे की! थांबा जरा.

...हां, आलो. उलटी केली, भरली, गच्चीवर ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) लावला. आई खालून ओरडली, परत फुसफुस सुरू का. दहा मिनिटांनी पहिला १७३!! मग १७२, १७२. तासाभराने १७४, हे अजून खुपतंय, पण १८० नाही. नवीन सीट मागवतोच, आणि पंपाला आधी एक सिलिका जेलचा फिल्टर. आता रात्रभर ठेवलीय, सकाळचा आकडा टाकतो.