आधी कमांड की आधी सी?

लातूर, नांदेड, परभणीकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी मला नेहमी विचारतात, "सर, आधी युनिक्सच्या कमांड पाठ कराव्यात की थेट सी भाषेत सिस्टिम प्रोग्रॅमिंग सुरू करावे? आणि व्हीआय हा एडिटर शिकण्यात आता वेळ घालवावा का?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून माझे मत सविस्तर सांगतो. हे तीन वेगळे विषय धरूच नका. एखादी कमांड वापरता येऊ लागली की तिचे लहानसे रूप सीमध्ये लिहून पाहा, आणि ते व्हीआयमध्येच लिहा.

याचे कारण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घडणीतच आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये हे काम सुरू केले आणि १९७३ मध्ये त्याचा कर्नल, म्हणजे गाभा, रिची यांच्याच सी भाषेत नव्याने लिहिला गेला. कॅट ही फाइलीतला मजकूर पडद्यावर दाखवणारी कमांड घ्या. ओपन, रीड, राइट आणि क्लोज या चार सिस्टिम कॉलांवर, म्हणजे कर्नलला केलेल्या विनंत्यांवर, ती लिहून होते. लिहिताना कळते की रीडने शून्य परत दिले तर फाइल संपलेली असते, उणे एक दिले तर काहीतरी चुकलेले असते, आणि राइट सगळे बाइट एका फटक्यात लिहीलच असे नाही. परत आलेला प्रत्येक आकडा तपासण्याची ही सवय मला सगळ्यांत मोलाची वाटते; अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत नेमकी तीच राहून जाते.

बाइट म्हणजे काय, हे तर आपल्या लिपीतच पाहावे. एका फाइलीत, शेवटी नवी ओळ न देता, 'लातूर' एवढेच लिहा आणि डब्ल्यूसी या मोजणी करणाऱ्या कमांडने मोजा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबाने काना आणि उकार धरून ५ चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकी ३ प्रमाणे बाइट भरतात १५. सीमधले स्ट्रलेन हे लांबी मोजणारे फंक्शन १५ का सांगते, हे मग वेगळे समजवावे लागत नाही.

पाइपवर, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसरीला इनपुट म्हणून देणाऱ्या जोडणीवर, मात्र मुक्काम करा. मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांतला मंडळनिहाय पाऊस एका फाइलीत आहे असे समजा. त्यातून ग्रेपने धाराशिवच्या ओळी निवडून त्या क्रमाने लावणाऱ्या सॉर्टकडे पाठवायला शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ पुरते. त्या ओळीमागे शेल आधी पाइप तयार करतो, दोनदा फोर्क करतो, म्हणजे स्वतःच्या प्रतीसारख्या दोन अपत्य प्रोसेस बनवतो, एका अपत्य प्रोसेसचे आउटपुट, म्हणजे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) १, पाइपच्या लिहिण्याच्या टोकाला जोडतो, दुसऱ्याचे इनपुट, म्हणजे डिस्क्रिप्टर ०, वाचण्याच्या टोकाला जोडतो, आणि मग एक्झेकने त्या जागी ग्रेप आणि सॉर्ट आणून बसवतो. हे स्वतः लिहिताना पालक प्रोसेसमधले लिहिण्याचे टोक बंद करायचे राहिले, तर ग्रेप संपल्यावरही सॉर्ट वाट पाहत थांबतो, कारण कोणाकडे तरी ते टोक उघडे असेपर्यंत त्याला फाइलीचा शेवट दिसतच नाही. असा अडकलेला प्रोग्रॅम सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या एस-ट्रेसखाली चालवून तो कोणत्या रीडवर थांबला आहे हे ज्याने एकदा पाहिले, त्याला डिस्क्रिप्टर ही गोष्ट पक्की कळते.

व्हीआयबद्दल थोडक्यात सांगतो. बिल जॉय यांनी तो १९७६ च्या सुमारास संथ टर्मिनलांसाठी लिहिला, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या रखडणाऱ्या जोडणीवरून दूरच्या सर्व्हरवर काम करतानाही तो साथ देतो. मध्येच लाइट गेली तरी विम या व्हीआयच्या सुधारित रूपाची स्वॅप फाइल मागे राहते आणि तिच्यातून बहुतेक मजकूर परत मिळतो. आपल्या भागात ही सोय लहान नाही.

पाठांतराची गरज नाही, कारण मॅन पाने, म्हणजे माहितीची पाने, संगणकातच असतात. विभाग १ मध्ये कमांड, २ मध्ये सिस्टिम कॉल आणि ३ मध्ये लायब्ररीची फंक्शने सापडतात. कॅट लिहून झाली की विभाग २ मधले फोर्कचे पान सावकाश वाचा, आणि एकच कमांड चालवणारा शेल लिहायला घ्या.